पायी निघालेली फियाट

नानांच्या फियाटचं फक्त कार्पेट बदलायचं होतं, बाकी काही नाही. पुढे जे घडलं त्यात वीरेंद्र धैर्यवान याचा हेतू पहिल्यापासून शेवटपर्यंत शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीत, जिन्याला लागून, ती पिस्ता रंगाची फियाट उभी असायची. तिच्यापुढे वाडीतल्या बाकीच्या गाड्या नुसत्या गाड्या वाटायच्या. वीरेंद्रचे वडील देवदत्त धैर्यवान, म्हणजे सगळ्या वाडीचे नाना, परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात होते तेव्हा त्यांनी ती घेतली आणि तेव्हापासून रोज सकाळी पिवळ्या फडक्याने पुसली. बंपर असा लखलखीत, की शेजारचे लोक ऑफिसला निघताना त्यात बघून भांग पाडायचे आणि नानांना त्याचा राग येण्याऐवजी अभिमान वाटायचा.

गाडी चालवायचे मात्र फक्त नाना. वीरेंद्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, पन्नाशी उलटली होती, स्वतःची मोटार रोज नरिमन पॉइंटला नेत-आणत होता. पण फियाटमधली त्याची जागा लहानपणीच ठरली होती ती मागची, डावीकडची. लग्न झाल्यावर बायकोला, वासंतीला, पुढची सीट मिळाली. हा होता तिथेच राहिला.

नानांचा गुडघा बदलायचं ठरलं आणि वीरेंद्रच्या आशेला पालवी फुटली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता बरेच महिने क्लच दाबायचा नाही. परळच्या हॉस्पिटलात दाखल होताना नानांनी खिशातून चावी काढली आणि ती सोडवत नसल्यासारखी बराच वेळ हातात धरून ठेवली.

"रोज पाच मिनिटं इंजिन चालू करायचं. जागच्या जागी. बाहेर काढायची नाही."

"नाना, मी इतकी वर्षं ड्राइव्ह करतोय..."

"ती तुझी गाडी. हिच्या स्टीअरिंगला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल. पण नंतर कोण चालवणार?"

"बघू," नाना म्हणाले आणि स्ट्रेचरवर आडवे झाले.

ह्या 'बघू'वर वीरेंद्र रात्रंदिवस विचार करू लागला. नाना घरी येतील तेव्हा गाडी अशी दिसली पाहिजे, की त्यांनी आपण होऊन चावी आपल्या हातात ठेवावी. बाहेरून तर काही करण्यासारखं नव्हतंच. आत मात्र ते कार्पेट होतं. ते एके काळी तपकिरी होतं असं म्हणतात. आता त्याला रंग नव्हता, फक्त वास होता. नाना दर रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणायचे, बर्फासकट, आणि ती टोपली ठेवायचे मागे डावीकडे, म्हणजे नेमकी वीरेंद्रच्या पायांशी. वीरेंद्रचं सगळं बालपण फियाटमध्ये पाय वर घेऊन बसण्यात गेलं होतं.

त्याने अभयला फोन केला. अभय करी रोडचा, तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवणारा. त्याचे वडील रामजी नानांच्याच गिरणीत फिटर होते. दोघा बापांची दोस्ती पोरांकडे वारशाने आली होती आणि ती अजून टिकून होती.

"कार्पेट काढायला मला कशाला बोलावतोस रे? कात्री नाही घरात?"

"तू ये ना यार. नानांची गाडी आहे. काही वाकडंतिकडं झालं तर साक्षीदार पाहिजे."

रविवारी सकाळी दोघांनी सीटा काढल्या आणि अंगावर जुने कपडे चढवून कामाला सुरुवात केली. वीरेंद्रने तर पट्ट्यापट्ट्यांचा लेंगाच घातला होता. वरचं कार्पेट उचललं तर खाली काथ्याची चटई निघाली, तिच्याखाली लिनोलियम.

"थांब, हे आमच्या जुन्या स्वयंपाकघरातलं!" वीरेंद्र ओरडला. "ह्या फुलांवर बसून मी जेवलोय."

लिनोलियमखाली गोणपाट आणि गोणपाटाखाली डांबरी कागद निघाला.

"अरे, ही गाडी आहे का थराथरांचं खाजं?" अभय म्हणाला.

मध्ये मध्ये माशांचे खवले चमकत होते. एका थरात, चहा घेऊन खाली आलेल्या वासंतीला केसांचा एक आकडा सापडला, काळा, टोकाला मोती असलेला. वीरेंद्रच्या आईचा. वासंतीने तो पदराला पुसला आणि वीरेंद्रच्या हातात दिला. आई पुढच्या सीटवर बसून मागे हात करून त्याला आलेपाकाची वडी द्यायची, ते त्याला आठवलं आणि त्याला तिची फार आठवण आली.

मग अभयने डांबरी कागद ओढला. खाली पत्रा दिसायला हवा होता. दिसली वाडीची फरशी.

"वीरू, तुझ्या गाडीला तळ नाही."

पुढे दोन्हीकडे पत्र्याची चाळण झाली होती. मागे डावीकडे तेवढं एकच भोक होतं, पण ते बघण्यासारखं होतं. रुपयाएवढं, अगदी कंपासने काढावं तसं गोल. त्यात कसला तरी काळा चिकट गोळा बसला होता, तो अभयने स्क्रू ड्रायव्हरने ढकलून खाली पाडला.

"बघ," वीरेंद्र कौतुकाने म्हणाला, "ह्या गाडीला गंजसुद्धा किती टापटीप चढतो."

"इटालियन डिझाइन आहे बाबा," अभय म्हणाला.

सडलेला पत्रा कापायचा आणि नवा वेल्ड करायचा असं ठरलं. कापताना अभय म्हणायचा, "इथपर्यंतच," आणि तिथे पोचला की पुढचाही भुसभुशीत लागायचा. संध्याकाळपर्यंत पुढचा तळ पुरता गेला. आता पुढच्या दारातून आत पाय टाकला की तो थेट जमिनीवर पडत होता. वेल्डिंग करायचं म्हणून बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि पायातली पेडलंही काढून ठेवली. सीटा गेल्या वासंतीच्या दवाखान्यात. वासंती दातांची डॉक्टर, दवाखाना त्याच इमारतीत तळमजल्यावर. तिचे पेशंट फियाटच्या सीटवर इतके आरामात बसले, की दोघांनी नंबर आला तरी उठायला कुरकुर केली.

एवढ्यात वाडीच्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी स्वप्नील तिथे आला.

"काका, गाडी काढायला लागेल हां. उद्या सकाळी मंडपवाल्याचा ट्रक येतोय बांबू घेऊन."

"अरे, तो पुढच्या आठवड्यात येणार होता ना?"

"त्याला लालबागला मोठं काम लागलं. उद्या नाय घेतला तर बाप्पा येईपर्यंत तो काय सापडत नाय. समोरच्या वाडीत जागा बोलून ठेवलीय मी."

"स्वप्नील, गाडीला तळ नाही रे!"

"चाकं आहेत ना? मग झालं तर. आपली पोरं ढकलतील. रस्ता क्रॉस करायचा फक्त."

वीरेंद्रला रात्री झोप लागेना. गाडी हलवायची म्हणजे कुणी तरी स्टीअरिंग धरणार, आणि स्टीअरिंगला हात लावणार नाही असं तो कबूल करून बसला होता. नाना परळला पलंगावर होते, त्यांना काही कळलं नसतं. पण नानांच्या गाडीत बसून नानांना दिलेला शब्द मोडायचा, हे त्याच्याने होईना. ह्या बाबतीत त्याचं कौतुकच केलं पाहिजे.

"वासंती, तू धरशील स्टीअरिंग?"

"बसू कशावर?"

ह्याचं उत्तर देवघराजवळ होतं. जेवणावळीचा मोठा शिसवी पाट वीरेंद्रने खाली नेला आणि दाराचा उंबरा ते मधला उंचवटा असा आडवा टाकला. तो चपखल बसला. सकाळी वासंती पदर खोचून त्या पाटावर मांडी घालून बसली, आणि एवढ्या जुन्या, राजेशाही गाडीत ती अशी शोभली, की जिन्यावरून बघणाऱ्या सलोनी नावाच्या शेजारणीने फोटोच काढला.

हँडब्रेक होता डॅशबोर्डखाली, छत्रीच्या मुठीसारखा, आणि तो जाम ताठ होता. तो ओढायला वीरेंद्र डावीकडून आत शिरला, कालच्याच लेंग्यात. ते दार नीट लागत नव्हतं म्हणून अभयने बाहेरून सुतळीने पक्कं बांधून टाकलं. म्हणजे वीरेंद्र गाडीत होता खरा, पण उभा होता वाडीच्या फरशीवर.

"काका, तुम्ही आत काय करताय?" स्वप्नीलने मागून विचारलं.

"ब्रेक धरतोय. सावकाश ढकला."

"हां, हां. गणपती बाप्पा..."

"मोरया!" म्हणून मंडळाच्या पोरांनी जो जोर लावला, तो काही सावकाश नव्हता. गाडी सुटली. तिच्यात उभ्या माणसाला आता दोनच मार्ग होते, चालणं किंवा पडणं. वीरेंद्र चालू लागला.

वाडीच्या तोंडातून फियाट बाहेर पडली तेव्हा समोरून बघणाऱ्यांना काय दिसलं असेल, त्याची कल्पना करा. इंजिनाचा आवाज नाही. ढकलणारी पोरं मागे वाकलेली, त्यामुळे दिसत नाहीत. स्टीअरिंगवर एक भारदस्त बाई मांडी घालून बसलेली, चेहरा शांत. आणि गाडीच्या पोटाखाली पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यातले दोन पाय, लगबगीने चालणारे.

पलीकडच्या फुटपाथवर ढोलपथकाची पोरं सरावाला निघाली होती. त्यांनी हे बघितलं आणि ढोल वाजवायला सुरुवात केली. ढोल वाजला म्हणून मागच्या पोरांना चेव आला, गाडीचा वेग वाढला आणि वीरेंद्रला पळावं लागलं. वरच्या गॅलरीतून एका आजींनी हात जोडले.

"यंदाचा देखावा काय गं हा?" त्यांनी शेजारणीला विचारलं.

"ब्रेक! वीरेंद्र, ब्रेक!" वासंती म्हणाली, कारण उजवीकडून बस येत होती.

वीरेंद्रने मूठ ओढली. ती हातात आली. नुसती मूठ.

"लागला नाही!"

"मग पायांनी थांबव!"

त्याने टाचा रोवल्या. चपला निघाल्या आणि मागे राहिल्या. वासंतीने स्टीअरिंग वळवलं, बसच्या पुढून गाडी काढली, फुलवाल्याच्या टोपल्या आणि हातगाडी यांच्यामधल्या फटीतून ती अशी नेली, की झेंडूचं एक फूलसुद्धा चेपलं नाही. कसलेल्या ड्रायव्हरनेही इंजिन चालू असताना दोनदा विचार केला असता, इतकी ती फट अरुंद होती. मग चाक दुभाजकाला हलकेच टेकवून तिने गाडी उभी केली, बरोबर ट्रॅफिकच्या हवालदारीणबाईंच्या पुढ्यात.

बाईंनी बॉनेटकडे बघितलं, वासंतीकडे बघितलं, मग वाकून खाली बघितलं.

"हे कोणाचे पाय?"

"माझे मिस्टर आहेत," वासंती म्हणाली.

"इंजिन?"

"बंद आहे."

"पेट्रोल?"

"टाकीच नाहीये मॅडम," वीरेंद्र आतून म्हणाला. "बॅटरी पण नाही. तळ पण नाही."

बाईंनी बराच विचार केला. ह्याला कुठलं कलम लावावं, ते त्यांना काही सुचेना. शेवटी त्यांनी दोन्हीकडची वाहतूक थांबवली आणि शिट्टी मारली.

"न्या लवकर. आणि साहेब, निदान बूट तरी घालत जा. काच असते रस्त्यात."

फियाट थाटात समोरच्या वाडीत पोचली. वीरेंद्रच्या चपला एक फुलवाला आणून देऊन गेला. संध्याकाळपर्यंत त्या प्रवासाची व्हिडिओ क्लिप अख्ख्या गिरगावभर फिरली होती. चेहरा दिसत नाही एवढंच वीरेंद्रला समाधान होतं.

त्यानंतरचं काम मात्र असं झालं, की बघत राहावं. अभयने नवा पत्रा बेताबेताने ठोकून जागेवर बसवला आणि सांध्यावर बोट फिरवलं तरी कळणार नाही असं वेल्डिंग केलं. मागचं ते गोल भोकही त्याने तितक्याच निगुतीने बुजवलं. हँडब्रेकला नवी मूठ आली. मग लाल प्रायमर, त्यावर गंज न धरणारा काळा रंग, त्यावर जाड लोकरी नमदा. कार्पेट वीरेंद्रने आणलं, गर्द हिरवं, आणि वर्तमानपत्राचं माप ठेवून हौसेने कापलं. ते त्याने उलट्या बाजूने कापलं होतं, त्यामुळे डावा तुकडा डावीकडे बसेना आणि उजवा कुठेच बसेना. उरलेल्या कापडावर वासंतीने ताबा मिळवला.

"दाताचं माप घेताना मी काय करते? जागेवरच दाबून घेते. हो बाजूला."

तिने कापड आत दाबलं, नखाने कड उठवली आणि जागच्या जागी कापलं. कुठे सुरकुती नाही, की कुठे फट नाही. सगळं झाल्यावर तिघंही दार उघडून नुसती बघत उभी राहिली. इतका सुरेख तळ, की त्यावर पाय ठेवणं जिवावर यावं. वीरेंद्रने वाकून वास घेतला. मासळीचा मागमूस नव्हता. त्याला आपल्या तिघांचाही मनापासून अभिमान वाटला.

नानांना घरी सोडायचा दिवस उजाडला. शब्द म्हणजे शब्द, म्हणून हॉस्पिटलपर्यंत गाडी वासंतीनेच नेली. पण दाराशी पोचताच वीरेंद्र उतरून ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभा राहिला, इस्त्रीची पँट, हातात चावी. अभयही करी रोडवरून चालत आला होता.

नाना वॉकर टेकत आले. गाडीकडे बघितलं. त्यांनी मागचं डावं दार उघडायला सांगितलं, अभयच्या हातातली छत्री घेतली आणि तिचं टोक कार्पेटवर दाबलं. मग जरा पुढे दाबलं, जरा मागे दाबलं.

"इथलं भोक कुठाय?"

"बुजवलं नाना!" वीरेंद्र उत्साहाने म्हणाला. "तुम्हाला सांगतो, काय सडला होता पत्रा!"

"बाकीचा सडला असेल. ते भोक सडलेलं नव्हतं. पाडलेलं होतं. बर्फाचं पाणी जायला. वर कितीही अंथरलं तरी पाणी झिरपून तिथेच यायचं. रामजीने गिरणीतून ड्रिल आणून पाडलं, कंपास लावून. त्याला रबराचं बूच होतं. धक्क्यावरून आलं, की गाडीखाली हात घालून बूच काढायचं, पाणी रस्त्यावर. गुडघ्याने वाकता येईना, तेव्हापासून बूच तसंच राहिलं. पाणी पुढे पसरलं, म्हणून तर तळ गेला."

अभयने वाकून त्या जागी हात फिरवला.

"आमच्या बाबांनी पाडलेलं?"

"मग? इतकं गोल दुसरं कोण पाडणार?"

"इटालियन डिझाइन," अभय पुटपुटला. मग त्याने मान वर केली. "नाना, रविवारी ड्रिल घेऊन येतो. त्यांच्याइतकंच गोल पाडतो."

"ये," नाना म्हणाले. "मासळीचं भुजणं करू. जेवूनच जा."

मग ते वीरेंद्रकडे वळले. हीच ती वेळ होती. वीरेंद्रने चावी पुढे केली. नानांनी ती घेतली, आणि दुसऱ्या हाताने खिशातून मोबाइल काढला.

"शेजारच्या पलंगावरच्या माणसाने मला हे पाठवलं. म्हणाला, गिरगावात एक गाडी चालत निघालीय, बघा. नंबर तर मी लगेच ओळखला. हे पाय तुझे ना?"

"...हो."

"लेंग्यावरून वाटलंच. आणि स्टीअरिंगवर?"

"वासंती. मी तुम्हाला शब्द दिला होता ना नाना, हात लावणार नाही म्हणून. नाही लावला."

 नानांच्या डोळ्यांत पाणी आल्याचा वीरेंद्रला भास झाला.

"शब्द पाळलास. मला बरं वाटलं," ते म्हणाले. "पण हे बघ. बस आडवी येतेय, ब्रेक हातात आलाय, बसायला पाट, आणि ती त्या फुलवाल्याच्या पुढून कशी काढते बघ. मी ही क्लिप रोज बघितली. मला नसती जमली." त्यांनी चावी वासंतीच्या हातावर ठेवली. "आजपासून तू चालवायचीस."

वीरेंद्रने मान डोलावली. कारण ती फट त्याने गाडीच्या पोटातून, म्हणजे फारच जवळून, बघितली होती, आणि नानांचं म्हणणं खोडून काढावं असं त्यात काही नव्हतं. खरं सांगायचं तर बायकोकडे बघून त्याची छाती जरा फुगलीच. त्याने पुढचं डावं दार उघडून नानांना पाय लांब करून बसवलं आणि स्वतः मागे गेला, डावीकडे.

वासंतीने गाडी अशी काढली, की नानांनी समाधानाने डोळे मिटले. ते उघडले भायखळ्याच्या मासळी बाजारापाशी.

"सूनबाई, जरा बाजूला घे. हॉस्पिटलची खिचडी खाऊन जीव विटलाय."

वीरेंद्र उतरला आणि सरंगा घेऊन आला. कोळणीने प्रेमाने वर बर्फ घातला होता आणि पिशवी ठिकठिकाणी गळत होती.

"ठेव की पायाशी," नाना म्हणाले.

वीरेंद्रने खाली बघितलं. हिरवंगार कार्पेट, कुठे सुरकुती नाही, आणि भोकसुद्धा नाही. त्याने पिशवी मांडीवर घेतली. ताडदेवपर्यंत पँट भिजली, ऑपेरा हाऊसला पाणी मोज्यांत उतरलं, तसे त्याने पाय वर घेतले आणि तो लहानपणी बसायचा तसा आवळून बसला.

नानांनी मागे हात करून कार्पेटवरून बोटं फिरवली.

"तळ मात्र छान केलास हो वीरू," ते म्हणाले. "अगदी कोरडा आहे."